कुठवर वाचलं हे डिस्कोर्स विसरत नाही

२०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी चार वेळा वाहिली. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. तीन मजली इमारत, बारा बिऱ्हाडं. पाणी पहाटे साडेपाचला येतं, खालच्या हौदात भरतं आणि मोटर लावून वर चढवावं लागतं. रोज पहाटे उठून कोणी मोटर लावायची यावरून वाद व्हायचे, म्हणून मी जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरी सोडून अंतर मोजणारा) सेन्सर टाकीच्या झाकणाला लावला, जोडीला ईएसपी८२६६ चा वायफाय बोर्ड घेतला आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर चढवलं. टाकी ९५ टक्के भरली की मोटर बंद, एवढंच काम.

आकडा ८५ पर्यंत शहाण्यासारखा चढायचा. मग एकदम साठावर उडी मारायचा, पुन्हा सत्तर, पुन्हा पंचावन्न. टाकी अजून भरायची आहे असं समजून मोटर चालूच राहायची आणि ओव्हरफ्लोचं पाणी गच्चीवरून जिन्यात. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा दार वाजवायचा, "काका, पाणी चाललंय!" ऐन उन्हाळ्यात, शेजारच्या इमारतीत टँकर येत असताना आमच्या जिन्यातून पाणी वाहतंय, हे बघताना जिवाला फार लागायचं.

याबद्दलचा प्रश्न मी ६ एप्रिलला एका परदेशी फोरमवर विचारला होता. त्याचं अचूक उत्तर ९ एप्रिलला आलेलं होतं. मी ते वाचलं २४ मेला.

हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण डिस्कोर्स या फोरम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं हे परीक्षण लिहायचं कारणच ते आहे. त्या फोरमवर धाग्याची (एका विषयाखालच्या सगळ्या प्रतिसादांची) वर्गणी घेतली, म्हणजे "मला कळवत राहा" अशी खूण केली, की प्रतिसाद आल्यावर मेल यायची. पण एकदाच. ती मेल आल्यावर तुम्ही साइटवर जाऊन धागा उघडला तरच पुढच्या प्रतिसादाची मेल. मला ७ तारखेला मेल आली, त्यात कोणीतरी लिहिलं होतं, "मलाही हाच त्रास आहे." मी ती मेलमध्येच वाचली आणि बंद केली. धागा उघडायचं काही कारण वाटलं नाही. त्यामुळे ९ तारखेच्या उत्तराची मेल निघालीच नाही. मधे दोनतीनदा मी त्या फोरमवर जाऊनही आलो, पण तिथे "नवीन" म्हणजे तुमच्या मागच्या भेटीनंतरचं. बँकेच्या रांगेत उभा असताना फोनवर दहा सेकंद मुखपृष्ठ उघडलं होतं, ती झाली माझी भेट. रात्री संगणकावर बसलो तेव्हा त्याच्या आधीचं सगळं जुनं झालेलं. माझा प्रश्न एकशे ऐंशी प्रतिसादांच्या सामायिक धाग्यात सातव्या पानावर, उत्तर आठव्या पानावर.

उत्तर नॉर्वेतल्या एका गृहस्थांचं होतं. या सेन्सरला जवळचं दिसत नाही. साधारण २०-२५ सेंटिमीटरच्या आत पाणी आलं की तो काहीही आकडे देतो, त्यामुळे टाकी भरत आली की तुमचं गणित बिघडतं, असं त्यांनी लिहिलं होतं. सेन्सर झाकणापेक्षा वर उचला, आणि अरुंद नळीत घालू नका, नळीच्या भिंतीवरून प्रतिध्वनी येतात. सोबत कागदावर पेन्सिलने काढलेल्या आकृतीचा फोटो. टाकी, झाकण, त्यावर उंचवटा, बाणांनी अंतरं दाखवलेली. एका अनोळखी माणसाने नाशिकच्या टाकीसाठी बसून आकृती काढली होती आणि पंचेचाळीस दिवस मी हूं की चूं केलं नव्हतं. मी त्याच दिवशी लांबलचक धन्यवाद लिहिले. त्यावर त्यांचं काही आलं नाही. ते त्यानंतर तिथे पुन्हा दिसले नाहीत.

उपाय अगदी साधा निघाला. झाकण मधोमध गोल कापलं, त्यावर जुनी प्लास्टिकची बादली उलटी बसवली, कडेने सिलिकॉन भरलं आणि बादलीच्या बुडाला सेन्सर लावला. तेव्हापासून टाकी वाहिलेली नाही. पण त्या माणसाला मी ताटकळत ठेवलं ही गोष्ट मनातून गेली नाही. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्सचा निदेशक होतो. शंका विचारून उत्तर ऐकायला न थांबणारं पोरगं मला कधी आवडलं नाही.

त्यानंतर मी माझे प्रश्न होम असिस्टंटच्या स्वतःच्या फोरमवर न्यायला लागलो. तो डिस्कोर्स नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो, आणि आज मला बोलायचंय ते डिस्कोर्सबद्दल, तेही त्याच्या एकाच अंगाबद्दल: नवे प्रतिसाद कुठे आलेत आणि मी कुठवर वाचलंय याची नोंद. वाचणाऱ्याला ते फुकट आहे, सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. जेफ अॅटवुड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी ते २०१३ साली लोकांपुढे आणलं. यातले अॅटवुड म्हणजे २००८ साली जोएल स्पोल्स्कींबरोबर स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ उभं करणारे. होम असिस्टंटशिवाय ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावाल्यांचा, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदीवाल्यांचा, शेअर बाजारातल्यांचा ट्रेडिंगक्यूएनए असे कितीतरी फोरम याच्यावर चालतात. त्यामुळे तुमचा विषय सेन्सर नसून फुलपाखरं किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स असला तरी पुढचं सगळं लागू आहे.

मुख्य फरक असा की डिस्कोर्स तुमची भेट मोजत नाही, वाचन मोजतं. प्रत्येक धाग्यातल्या प्रत्येक प्रतिसादाला क्रमांक असतो. कुठला प्रतिसाद तुमच्या पडद्यावर किती वेळ होता हे ब्राउझर अधूनमधून सर्व्हरला कळवत राहतो. न वाचलेल्या प्रतिसादाच्या तारखेशेजारी एक बारीकसा निळा ठिपका असतो. तुम्ही तिथे थांबलात की तो हळूहळू विरून जातो. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी पाच-सात प्रतिसाद एकामागून एक सावकाश खाली सरकवत नुसता तो ठिपका विरताना बघत बसलो होतो. धागा सहाशे प्रतिसादांचा असू दे, तुम्ही ३१२ पर्यंत वाचून उठलात तर पुढच्या वेळी शीर्षकावर टिचकी मारताच ३१३ वर उतरता. पानं नाहीतच, "आठवं पान" ही भानगडच संपली. उजवीकडे एक उभी पट्टी असते, तीवर आपण कितीपैकी कितव्या प्रतिसादावर आहोत आणि तो कुठल्या महिन्यातला, हे दिसत राहतं. आणि ही नोंद सर्व्हरवर राहत असल्याने फोनवर ३१२ पर्यंत वाचलं तर संगणकावरही ३१२ च. बँकेच्या रांगेतले दहा सेकंद आता माझं काही बुडवत नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांची सवय द्रुपल या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मराठी संकेतस्थळांची. मीही मायबोली वाचत आलोय, आणि शीर्षकापुढे "नवीन" दिसलं की आत शिरायचं हे बोटांना पाठ आहे. द्रुपल प्रत्येक धाग्यासाठी तुम्ही तो शेवटचा कधी उघडलात ती वेळ लिहून ठेवतं, आणि मुळात हा हिशेब तीस दिवसांचाच असतो. त्याहून जुनं ते वाचलेलंच धरायचं. गप्पांना, लेखांना हे पुरतं. धागा उघडला म्हणजे माणूस सगळं वाचतोच. पण जिथे उत्तर यायला दीड महिना लागू शकतो आणि धागा तीन वर्षं चालतो, तिथे वेळेपेक्षा क्रमांकाची नोंद पाहिजे.

गंमत म्हणजे ही कल्पना नवी नाही. आयटीआयमधले माझे एक वरिष्ठ सहकारी युजनेट (वेबच्या आधीपासूनची चर्चागटांची व्यवस्था) वापरलेले होते. त्या काळी न्यूजरीडर, म्हणजे ते गट वाचायचा प्रोग्राम, तुमच्या संगणकावर न्यूजआरसी नावाची साधी मजकुराची फाइल ठेवायचा. एका ओळीत गटाचं नाव, मग अपूर्णविराम, मग वाचलेल्या लेखांचे क्रमांक: १ ते ४५३२, ४५४०, ४५४४ ते ४५५१. मधला जो आकडा सुटला तो न वाचलेला. वर्गणी बंद केली की अपूर्णविरामाच्या जागी उद्गारचिन्ह. त्यांनी ही फाइल मला एकदा छापून दाखवली होती. इतकी स्वच्छ नोंद तेव्हाही होती, मग मधली कित्येक वर्षं वेबवरचे फोरम भेटीच्या वेळेवर का अडकून राहिले, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता रोजच्या वापराकडे येतो. प्रत्येक धाग्याच्या तळाशी घंटीचं बटण असतं आणि तिथे मुख्य पायऱ्या चार. वॉचिंग म्हणजे प्रत्येक प्रतिसादाची सूचना. ट्रॅकिंग म्हणजे प्रत्येक प्रतिसादाची सूचना नाही, पण शीर्षकापुढे न वाचलेल्या प्रतिसादांचा निळा आकडा. नॉर्मल म्हणजे कोणी तुम्हाला उत्तर दिलं किंवा तुमचं नाव घेतलं तरच सूचना. म्यूटेड म्हणजे तो धागा यादीत दिसणारही नाही. बहुतेक लोक या घंटीला हात लावत नाहीत आणि मग तक्रार करतात की मेलांचा पाऊस पडतो किंवा काहीच कळत नाही. माझी विनंती आहे की पहिल्याच दिवशी दहा मिनिटं काढून हे समजून घ्या. मी वॉचिंग फक्त माझ्या स्वतःच्या प्रश्नांना लावतो. ज्या धाग्यातून शिकायचंय त्याला ट्रॅकिंग. बाकी सगळं नॉर्मल. ट्रॅकिंगची खुबी अशी की ते तुम्हाला हाका मारत नाही. तुम्ही आपल्या वेळेने गेलात की धागा सांगतो, माझ्याकडे ७ आहेत, त्याच्याकडे २ आहेत.

तुम्ही धाग्यात प्रतिसाद दिलात की तो आपोआप ट्रॅकिंगमध्ये जातो. नुसता वाचलात तरी जातो, पण मुळातली सोय अशी की त्यासाठी धाग्यात चार मिनिटं घालवावी लागतात. आमच्यासारख्यांना ही चार मिनिटं जास्त आहेत. सेन्सरची अडचण घेऊन शोधत आलेला माणूस दीड मिनिटात वाचून वायरी जोडायला जातो, आणि महिन्याने त्याच धाग्यात "हे करू नका, बोर्ड जळेल" असा प्रतिसाद आला तर त्याला कळत नाही. प्राधान्यांमध्ये (प्रेफरन्सेस) जाऊन हा अवधी बदलता येतो. मी एक मिनिट केलाय. लगेच हा पर्यायही आहे, पण मग शोधात उघडलेलं प्रत्येक फालतू पान मागे लागतं. तिथेच शेजारी दुसरी एक निवड आहे: धागा नवा कधी समजायचा. मूळ सोय दोन दिवसांची. मी आठवड्यातून तीनदा बसतो, म्हणून एक आठवडा.

यादी उघडली की मधे एक तांबडी रेघ दिसते. तिच्या वर तुमच्या मागच्या भेटीनंतर हललेले धागे, खाली त्याआधीचे. म्हणजे भेटीचा हिशेबही आहे, पण तो रेघेपुरता. निळे आकडे त्यावर चालत नाहीत. यादी उघडी ठेवून चहा करायला गेलात तर परतल्यावर वर पट्टी आलेली असते की इतके धागे नवे किंवा हललेले आहेत. पान पुन्हा ताजं करावं लागत नाही. कीबोर्डवर हात बसलेल्यांसाठी: जी आणि मग यू दाबलं की न वाचलेल्यांची यादी, जी आणि एन दाबलं की नव्यांची, जे-के ने वरखाली, आणि प्रश्नचिन्ह दाबलं की सगळ्या कळांचा तक्ता. संध्याकाळी जेवणाआधी मी जी-यू दाबतो, यादी वरून खाली रिकामी करतो आणि उठतो. रिकामी यादी बघून उठण्यात समाधान आहे. सोसायटीच्या चॅट गटात ते कधीच मिळत नाही, तिथे चांगलं उत्तर सुप्रभातच्या चित्रांखाली गाडलं जातं आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच प्रश्न पुन्हा.

मेलचंही बरं आहे. तुम्ही साइटवर नसाल तरच मेल येते, आणि प्रत्येक प्रतिसादाची वेगळी येते, पहिली न उघडल्यास दुसरी अडत नाही. माझी जुनी जखम इथे भरली. फोनसाठी डिस्कोर्स हब नावाचं अॅप आहे, त्यात वेगवेगळे फोरम एका यादीत आणि प्रत्येकापुढे त्याचे आकडे. मी दोन फोरम ठेवलेत, तेवढ्याला छान चालतं. खातं न काढता एखाद्या धाग्यावर नजर ठेवायची असेल तर धाग्याच्या पत्त्याच्या शेवटी डॉट आरएसएस लावा, फीड मिळते, म्हणजे नवे प्रतिसाद फीड वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये आपोआप येतात. मी काही महिने थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये असे धागे गोळा केले होते. चालतं, पण कुठवर वाचलं ते त्या एकाच संगणकाला माहीत, आणि मेलेले धागे आपणच निवडून काढायचे. पाच-सहा धाग्यांना ठीक.

उणिवा आहेत, आणि त्या सांगायलाच हव्यात. पहिली मोठी: वाचून झालेल्या प्रतिसादात लेखकाने नंतर दुरुस्ती केली तर आकडा हलत नाही. आमच्या विषयात ही गोष्ट महत्त्वाची. चांगले धागाकर्ते पहिल्याच प्रतिसादात कोड ठेवतात आणि तो सुधारत जातात. वाचणाऱ्याला वाटतं आपण वाचलाय. प्रतिसादाच्या डोक्यावर पेन्सिलीचं चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारली की काय बदललं ते तांबड्या-हिरव्या रंगात दिसतं. पण त्यासाठी आधी आपल्याला तिथे जावंसं वाटलं पाहिजे. म्हणून माझी धागाकर्त्यांना हात जोडून विनंती: कोड बदलला की खाली एक ओळीचा प्रतिसादही टाका.

दुसरं असं की प्रतिसाद काळाच्या ओळीने एकाखाली एक येतात, फांद्या फुटत नाहीत. कोणी कोणाला उत्तर दिलं ते छोट्या बाणावरून उलगडता येतं, पण तीनशे प्रतिसादांच्या धाग्यात तीन जण तीन वेगळ्या अडचणी मांडत असतात आणि माझ्या निळ्या ७ पैकी माझ्या कामाचा एखादाच असतो. यावर मी वाचनखुणेचा उपाय करतो. प्रतिसादाला खूण लावताना आठवणीची तारीखही देता येते. कोणाला "उद्या मोजून सांगतो" असं लिहिलं की मी लगेच त्या प्रतिसादावर खूण लावून दुसऱ्या दिवशीची आठवण ठेवतो. नव्या प्रतिसादांचा माग जितका महत्त्वाचा, तितकाच आपण देणं लागतो त्या प्रतिसादांचा, आणि या कामासाठी मला यापेक्षा चांगलं साधन अजून सापडलेलं नाही.

आणखी एक. भराभर खाली सरकवत गेलात तरी काही ठिपके विरतात आणि न वाचलेलं वाचलेलं ठरतं. प्राधान्यांत धागा पुन्हा न वाचलेला करायची सोय आहे, ती मुद्दाम चालू करावी लागते. चालू केली की धाग्याच्या तळाशी त्याचं बटण येतं. मी चालू ठेवली आहे.

नव्या सदस्यांनी हेही लक्षात ठेवावं की इथे वाचनालाच मान आहे. मूळ नियमांप्रमाणे सदस्याच्या दर्जाची पहिली पायरी चढायला पाच धागे उघडून, तीस प्रतिसाद वाचून, दहा मिनिटं वाचनात घालवावी लागतात. लिहिण्याची अट नाही. निदेशक म्हणून मला हे फार पटतं.

गेल्या पावसाळ्यात मी होम असिस्टंटच्या फोरमवर त्या उलट्या बादलीचा स्वतंत्र धागा काढला. नॉर्वेच्या गृहस्थांची आकृती पुन्हा हाताने काढून घातली आणि कल्पना त्यांची आहे हे वरच लिहिलं. धागा वॉचिंगवर आहे. आतापर्यंत एकही प्रतिसाद चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलेला नाही. आज सकाळी शीर्षकापुढे निळा २ होता. एकाने बादलीला सिलिकॉन धरत नाही म्हणून विचारलंय, त्याला आधी पॉलिश पेपरने घासून घ्यायला सांगितलं. दुसऱ्याला बादलीच्या तोंडाचा आतला व्यास हवाय. तो मी कधी मोजलेलाच नाही, म्हणून त्याच्या प्रतिसादावर खूण लावून संध्याकाळी सहाची आठवण ठेवली आहे. ऊन उतरलं की टेप घेऊन गच्चीवर जातो.